पान सगळ्यांचे, वाक्य कोणाचे?

भित्तिपत्रकाचा उद्योग बहुतेक शाळांनी कधी ना कधी केलेला असतो. मुले लिहितात, मराठीचे शिक्षक लाल शाईने तपासतात, अक्षर चांगले असलेली एखादी मुलगी ते सगळे पुन्हा उतरवून काढते आणि मग ते काचेच्या फलकात लागते. एकदा लागले की महिनाभर त्यात बदल नाही. 'गांडूळ हा कीटक आहे' असे वाक्य तपासताना नजरेतून सुटले असेल, तर येणारीजाणारी मुले ते वाचून हसतात. पण काच उघडून ते दुरुस्त करण्याचा अधिकार त्यांना नसतो.

आता अशी कल्पना करू, की काच काढून टाकली आणि फलकाला दोरीने एक पेन्सिल व खोडरबर बांधून ठेवले. ज्याला चूक दिसेल त्याने ती तेथल्या तेथे सुधारावी, ज्याला भर घालावीशी वाटेल त्याने घालावी. परवानगी कोणाचीच नको. काय होईल? मधल्या सुट्टीनंतर त्या कागदावर मिशा काढलेल्या चित्रांखेरीज काही उरणार नाही, असेच बहुतेक शिक्षक म्हणतील. आम्हीही तसेच म्हणालो होतो. पुढे आम्ही हा प्रयोग कागदावर करून पाहिला. त्याची हकिगत शेवटी येईलच. त्याआधी संगणकावर हाच प्रयोग झाला तेव्हा काय घडले ते पाहू.

वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरला एक संग्रह करायचा होता. प्रोग्रॅम लिहिताना त्याच त्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात. त्यांवरचे तोडगे एका जागी जमावेत आणि ज्यांना ते सुचले त्यांनीच ते लिहावेत, अशी त्याची इच्छा होती. २५ मार्च १९९५ रोजी त्याने इंटरनेटवर एक संग्रह खुला केला. त्यातले कोणतेही पान वाचणाऱ्याला तेथेच बदलता येत असे. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या बसला 'विकी विकी' म्हणत. हवाईच्या भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. ते नाव त्याने आपल्या पानांना दिले.

या पानांतली एक लहानशी सोय पाहण्यासारखी आहे. इंग्रजीतले दोन शब्द मध्ये जागा न सोडता, प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठे घेऊन जोडले, की संगणक त्यांना आपोआप दुसऱ्या एका पानाचे नाव समजे. तसे पान आधीच असले तर वाचक तेथे जाऊ शके. नसले तर त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह उमटे, आणि त्यावर टिचकी मारली की समोर कोरे पान येई. म्हणजे लिहिणाऱ्याला जे ठाऊक नाही, ते लपवण्याऐवजी तो उघडपणे दुसऱ्यासाठी सोडून देऊ शकत होता. आपल्या पाठ्यपुस्तकांत असे प्रश्नचिन्ह कधी दिसत नाही. तेथे सगळे संपूर्ण असते, निदान तसे भासते. विकिपीडियात पुढे त्या प्रश्नचिन्हाची जागा तांबड्या अक्षरांनी घेतली. तांबडा शब्द दिसला, की समजावे: येथे लेख हवा आहे, अजून कोणी लिहिलेला नाही.

दुसरी गोष्ट नियमाने नव्हे, तर सवयीने घडली. लोक पानावर दोन प्रकारे लिहू लागले. कोणी आपले मत लिहून खाली सही करी, त्याखाली दुसरा उत्तर देई, आणि कट्ट्यावरच्या गप्पांसारखे पान वाढत जाई. मग एखादा धीराचा माणूस ती सगळी चर्चा वाचून तिचा सलग, सहीविना मजकूर तयार करी. एक बोलण्याची भाषा, दुसरी मांडणीची. या दोन भाषांची फारकत पुढे फार महत्त्वाची ठरली.

हे साधन नंतर अनेकांनी वापरले. त्यांतले तीन प्रयोग शेजारी शेजारी ठेवले तर बरेच काही शिकता येते.

पहिला प्रयोग एका वर्तमानपत्राचा. १७ जून २००५ रोजी 'लॉस एंजलिस टाइम्स'ने इराकच्या युद्धावरचा आपला अग्रलेख वाचकांना बदलण्यासाठी खुला केला. पहिल्याच दिवशी अडचण दिसली. युद्धाला विरोध करणारे आणि पाठिंबा देणारे एकाच मजकुरात लिहीत होते. शेवटी विरुद्ध मताच्या लोकांसाठी दुसरे पान काढावे लागले, म्हणजे एका अग्रलेखाचे दोन झाले. मग कोणी तेथे अश्लील चित्रे आणून डकवू लागले आणि तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने प्रयोग बंद केला. बंद पडण्याचे निमित्त ती चित्रे झाली हे खरे. पण मूळ दुखणे आधीच दिसले होते. अग्रलेख एका बाजूने बोलतो, त्याचे कामच ते आहे. त्यातले एक वाक्य दुसऱ्या बाजूने बदलले की तो अग्रलेख राहत नाही.

दुसरा प्रयोग कादंबरीचा. फेब्रुवारी २००७ मध्ये पेंग्विन ही प्रकाशनसंस्था आणि इंग्लंडमधील लेस्टरचे डी माँटफर्ट विद्यापीठ यांनी मिळून 'अ मिलियन पेंग्विन्स' नावाची कादंबरी सर्वांना लिहायला दिली. पाच आठवड्यांत सुमारे दीड हजार लोकांनी नावे नोंदवली आणि अकरा हजारांहून अधिक बदल केले. पात्रे येत, मरत, दुसऱ्या नावाने पुन्हा उगवत. एका लेखकाला केळ्यांचा भारी नाद. तो जागोजागी मजकुरात केळी पेरून जाई. अखेर कादंबरीची एक स्वतंत्र केळीयुक्त आवृत्तीच निघाली! या प्रयोगाचा नंतर अभ्यास करणाऱ्यांनी त्याची तुलना युरोपातल्या कार्निव्हलशी केली. आपण शिमगा म्हणू. मजा सर्वांना आली, पण कादंबरी काही झाली नाही.

तिसरा प्रयोग ज्ञानकोशाचा. त्याची सुरुवात अपयशाने झाली. मार्च २००० मध्ये जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी 'न्यूपीडिया' नावाचा कोश इंटरनेटवर काढला. लेखक तज्ज्ञ, आणि प्रत्येक लेखाला तपासणीच्या सात पायऱ्या. पद्धत इतकी काटेकोर, की सुमारे तीन वर्षांत दोन डझनांच्या आसपासच लेख पूर्ण झाले. मध्यंतरी, १५ जानेवारी २००१ रोजी, त्यांनी कनिंगहॅमच्या धर्तीवर एक खुला जोडप्रकल्प सुरू केला. न्यूपीडियासाठी कच्चा माल मिळावा, एवढीच अपेक्षा होती. वर्षभरात त्यात सुमारे वीस हजार लेख झाले. हाच विकिपीडिया.

खडू तोच, फळा तोच. पण एक प्रयोग तीन दिवस टिकला, दुसरा पाच आठवडे चालून थांबला, आणि तिसरा दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. ज्ञानकोशाकडे असे काय होते, जे अग्रलेखाकडे आणि कादंबरीकडे नव्हते?

आमच्या मते पहिले उत्तर व्याकरणात आहे. 'मोठी धरणे देशाच्या हिताची आहेत' असे एकाने लिहिले. दुसऱ्याने ते खोडून 'मोठी धरणे देशाच्या अहिताची आहेत' असे लिहिले. ही दोन वाक्ये एका पानावर नांदू शकत नाहीत. एक राहिले की दुसरे जाणार. आता वाक्याची धाटणी बदलू. 'अमुक धरणामुळे इतके हेक्टर क्षेत्र भिजते, असे पाटबंधारे खात्याचा अमुक सालचा अहवाल सांगतो. त्या धरणाखाली इतकी गावे गेली आणि त्यांतल्या इतक्यांचे पुनर्वसन अपुरे राहिले, असे तमुक समितीने नोंदवले आहे.' या वाक्यांखाली दोघेही सही करू शकतात. धरण चांगले की वाईट यावर त्यांचे अजूनही जमलेले नाही. पण कोण काय म्हणाले, यावर जमले आहे. विकिपीडियाने सुरुवातीपासून धरलेला तटस्थतेचा नियम म्हणजे हीच युक्ती. लेखकाने तटस्थ मनाचे व्हावे, अशी अपेक्षा त्यात नाही. तसे कोण असते? वाक्य तटस्थ असावे, एवढेच मागणे आहे.

ही रीत आपल्याला अगदी परकी नाही. शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडावा लागतो, आणि तोही असा, की प्रतिपक्षाने म्हणावे, 'होय, माझे म्हणणे हेच.' मग उत्तरपक्ष, मग सिद्धान्त. विकिपीडियाचा लेख म्हणजे पूर्वपक्षांची रांग; सिद्धान्ताची जागा तेथे मोकळी ठेवलेली असते. अर्थात सर्व पक्षांना सारखीच जागा द्यायची असेही नाही. पृथ्वी सपाट मानणारे लोक आहेत, पण भूगोलाच्या लेखात त्यांना अर्धे पान दिले तर वाचकाची फसवणूक होईल. म्हणून विश्वसनीय ग्रंथांत ज्या मताला जेवढे वजन, तेवढीच त्याला लेखात जागा, असा दुसरा नियम आला. वजन कोणी करायचे, हे भांडण मात्र त्याने संपत नाही.

मराठीत लिहिताना यात आणखी एक पेच येतो. इंग्रजीत एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीविषयी लिहिताना क्रियापदातून आदर किंवा अनादर दिसत नाही. मराठीत 'तो आला' आणि 'ते आले' यांतले एक निवडावेच लागते, आणि निवडले की आपली बाजू उघड होते. 'थोर', 'महान' ही विशेषणे गाळता येतील. क्रियापद कसे गाळणार? याशिवाय 'असे मानले जाते' ही आपली लाडकी सवय. कोण मानते? कोठे लिहिले आहे? कर्ता दडवणाऱ्या या वाक्याला तटस्थतेचा नुसता वेष असतो. मुलांच्या निबंधांत हे वाक्य आले, की 'कोण?' असे समासात लिहावे. विकिपीडियावर अशाच वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण करतात.

आता दुसरे उत्तर. ते पानाच्या रचनेत आहे.

विश्वकोशाची नोंद आठवा. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात नोंदीखाली लेखकाचे नाव असते. हे नाव ठाऊक असले, की आपण नोंदीवर विश्वास ठेवतो. वर संपादक मंडळाचा पहारा असतोच. विकिपीडियाच्या लेखाखाली कोणाचेच नाव नसते. मग विश्वास कशावर ठेवायचा? तो नावावरून काढून दोन ठिकाणी ठेवलेला आहे. एक, वाक्याच्या शेवटी वर चढवलेल्या लहान आकड्यात. तो आकडा सांगतो, की हे आम्ही अमुक पुस्तकातून घेतले, जाऊन पाहा. दोन, लेखाच्या मागे असलेल्या दोन पानांत. त्यांतले एक 'चर्चा' आणि दुसरे 'इतिहास'.

चर्चेच्या पानावर सही करावी लागते, लेखात सही करायची नसते. कनिंगहॅमच्या लेखकांची ती फारकत येथे दोन वेगळ्या खोल्यांत बसवली आहे. भांडण माजघरात, पाहुणा ओटीवर. 'तुमचा संदर्भ जुना आहे', 'तुम्ही अर्धेच वाक्य उद्धृत केले' हे सारे तेथे, नावानिशी. त्यामुळे लेखाच्या वाक्यांत टोमणे शिरण्याचे प्रमाण कमी होते. इतिहासाच्या पानावर प्रत्येक बदल नोंदलेला असतो: कोणी केला, केव्हा केला, आधी काय होते. जुना मजकूर एका टिचकीत परत आणता येतो. लेख बिघडवायला जेवढे श्रम पडतात, त्यापेक्षा तो पूर्ववत करायला कमी पडतात. मिशा काढणाऱ्याला रोखण्यासाठी काच लागत नाही, ती यामुळे.

आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या फर्नांडा व्हिएगास आणि मार्टिन वॅटनबर्ग यांनी सहकाऱ्यांसह या इतिहासाची चित्रे काढली. त्यांचा निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक लेखकाला एक रंग द्यायचा आणि त्याने लिहिलेला मजकूर पुढच्या आवृत्त्यांत कसा टिकतो ते पट्ट्यांनी दाखवायचे. लेख सबंध पुसून टाकण्याचे प्रकार त्यात चिरेसारखे दिसतात, आणि त्यांतले निम्मे तीन मिनिटांच्या आत दुरुस्त झालेले आढळले. 'चॉकलेट' या निरुपद्रवी लेखात मात्र नागमोडी नक्षी निघाली. शिल्पाचा एक विशिष्ट प्रकार खरोखर अस्तित्वात आहे की नाही, यावरून दोघे एकमेकांचे लेखन पुनःपुन्हा परतवत होते! असल्या हट्टासाठी इंग्रजी विकिपीडियाने २००४ मध्ये नियम केला: चोवीस तासांत एका पानावर तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे बदल परतवायचे नाहीत. भांडू नका, असे तो म्हणत नाही. तो भांडणाऱ्यांना चर्चेच्या खोलीकडे ढकलतो.

याच चित्रांत शिक्षकांनी ध्यानात घ्यावे असे आणखी काही दिसले. लेखाचा सर्वांत पहिला मजकूर नंतर आलेल्या मजकुरापेक्षा जास्त टिकतो. लोक भर घालतात, खोडतात, पण परिच्छेद हलवून नव्याने बांधणी क्वचितच करतात. म्हणजे जो पहिला लिहितो तो लेखाची चौकट ठरवून जातो, मग ती चांगली असो वा नसो.

आणि ही सारी यंत्रणा डोळ्यांवर चालते. जेथे कोणी पाहत नाही, तेथे ती चालत नाही. जॉन सायगेन्थॉलर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रलेखात २००५ मध्ये कोणीतरी थट्टेने लिहिले, की केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. ते धादांत खोटे वाक्य सुमारे चार महिने तसेच राहिले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, पण इंग्रजीच्या मानाने तेथे लिहिणारे आणि पाहणारे फारच थोडे. तेव्हा मराठी लेख वाचताना इतिहासाचे पान उघडून पाहणे अधिकच गरजेचे. एकाच माणसाने एकाच बैठकीत लिहिलेला, नंतर कोणी हात न लावलेला लेख असेल, तर तो विकीवर असला तरी एकट्याचाच आहे.

आता आमची हकिगत. एका खेड्यातल्या शाळेत आम्ही दोन दिवसांचे शिबिर घेतले. शिक्षक आणि नववी ते अकरावीची मुले मिळून चौदा जण होते. संगणक एकच, तोही वीज असेल तेव्हा. म्हणून तपकिरी कागदाचा मोठा ताव भिंतीला लावला. विषय दिला, 'आमच्या गावचा तलाव'. पेन्सिली आणि खोडरबर ठेवले आणि सांगितले, की कोणीही कोणाचेही खोडावे.

पहिल्या तासात मुलांनी शिक्षकांचे एकही वाक्य खोडले नाही. नववीतली एक मुलगी दोन ओळींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मुंगीएवढ्या अक्षरात लिहीत होती. विचारले तर म्हणाली, 'बाईंचं वाक्य कसं खोडायचं?' उलट दोन शिक्षकांचे जुंपले. 'पाऊस कमी झाल्यामुळे तलाव लवकर आटतो' असे एकाने लिहिले. दुसऱ्याने ते खोडून 'मोटारी वाढल्यामुळे तलाव लवकर आटतो' असे लिहिले. असे सहा वेळा झाले आणि त्या जागी कागद फाटला. पावसाची बाजू घेणाऱ्या सरांची स्वतःची मोटार तलावावर होती, हे गावात सर्वांना ठाऊक होते. बोलत कोणीच नव्हते.

जेवणानंतर आम्ही तीन बदल केले. तावाच्या डाव्या बाजूला उभी रेघ मारून एक पट्टा चर्चेसाठी राखला. तेथे सहीशिवाय लिहायचे नाही. शेजारी दोरीने एक वही टांगली. जे खोडायचे ते आधी त्यात उतरवायचे आणि खोडण्याचे कारण लिहायचे. आणि लेखात 'कोण म्हणते' किंवा 'कसे मोजले' हे नसलेले वाक्य ठेवायचे नाही.

खोडलेले वाक्य वहीत जिवंत राहते म्हटल्यावर मुलांचा हात मोकळा झाला. त्या नववीतल्या मुलीने बाईंचे वाक्य खोडले, कारण लिहिले, 'हे पुस्तकातल्या तलावाबद्दल आहे, आपल्या नाही.' बाईंनी वहीत 'बरोबर' असे लिहून सही केली. फाटलेल्या जागी ठिगळ लावून त्यावर संध्याकाळपर्यंत असा मजकूर तयार झाला: 'पूर्वी तलावात होळीपर्यंत पाणी असे, आता ते संक्रांतीच्या सुमारास संपते, असे काठच्या तीन शेतकऱ्यांनी सांगितले. गेल्या काही वर्षांतला पाऊस किती झाला ते आकडे आणायचे आहेत. तलावावर किती मोटारी आहेत याची नोंद आम्हाला मिळाली नाही.' लेखाची ही सर्वांत अपुरी वाक्ये होती, आणि दोन्ही शिक्षकांना मान्य असलेली पहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरावीतली दोन मुले शाळा भरण्यापूर्वी तलावाला फेरी मारून आली. शेवटचे वाक्य खोडून, ते रीतसर वहीत उतरवून, त्यांनी लिहिले: 'तलावावर अकरा मोटारी आहेत. आम्ही आज सकाळी मोजल्या.' थोड्या वेळाने डाव्या पट्ट्यात एक प्रश्न आला, खाली बारीक अक्षरात सही: 'सरांची धरून का?'

तो प्रश्न तासभर तसाच राहिला. येताजाता सगळे वाचत होते. मग सर उठले, पेन्सिल घेतली आणि त्याखाली लिहिले, 'धरून', आणि सही केली.